चुन्याची तीन बोटं

नाशिकच्या तांबट आळीत सकाळी सातला ठोके सुरू होत ते दिवेलागणीपर्यंत चालत. आळीत चौदा कारखाने होते, म्हणजे चौदा ओटे, त्यांवर चाळीसेक माणसं आणि प्रत्येकाच्या हातात हातोडा. बाहेरचा माणूस आळीत शिरला की कानांत बोटं घाली. आळीतली माणसं घालत नसत, कारण त्यांचे हात रिकामे नसत. त्यामुळे पन्नाशीपुढचा तांबट बहुधा थोडाफार बहिरा असे, आणि कामाच्या वेळी सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. अंगठा वर केला की कोळसा आण. कानाची पाळी धरली की पाणी पाहिजे. मूठ छातीवर ठेवली की गिऱ्हाईक आलंय, शिव्या बंद करा.

सदतीस साली पुंजा तांबट अडुसष्ट वर्षांचा होता. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा निकामी झाला आणि त्याने हातोडा खाली ठेवला. ठोकायचं काम त्याचा मुलगा वाल्मीक आणि दोन गडी करू लागले. पुंजाकडे शेवटचं एक काम राहिलं. पितळी घागर दोन भागांत ठोकतात आणि मध्ये झाळ लावून सांधतात. फट राहिली तर ती या सांध्यात राहते. म्हणून पुरी झालेली प्रत्येक घागर पुंजासमोर येई. तो ती डाव्या हाताच्या दोन बोटांवर काठाने लटकवी, चिंचेच्या मोगरीने पोटावर एक हलका टोला देई आणि ती थांबेपर्यंत तसाच बसून राही. घागर सलग वाजत राहिली तर चांगली. मध्येच मेली तर फट आहे. चांगल्या घागरीच्या गळ्यावर तो ओल्या चुन्याची तीन बोटं उठवी. त्याच्या मधल्या बोटाचं पेर तरुणपणीच पत्रा कापायच्या कात्रीत गेलं होतं, त्यामुळे मधली रेघ आखूड येई. सटाण्याचे आणि चांदवडचे व्यापारी घागर हातात घेतली की आधी गळा फिरवून ही खूण बघत. आकार नंतर बघत.

घरात पुंजाला दुसरं काम नव्हतं आणि त्याने मागितलंही नव्हतं. सकाळी आंघोळ करायची, धोतर नेसायचं, चुन्याची वाटी भिजवायची आणि ओट्यावर येऊन बसायचं, हे सगळं त्या तीन बोटांसाठी चालत होतं. ती नसती तर आंघोळ दुपारी केली तरी चालली असती, आणि नाही केली तरी कोणाची हरकत नव्हती. हे पुंजाला चांगलं ठाऊक होतं.

आता अडचण अशी होती की पुंजाला चार वर्षांपासून काहीही ऐकू येत नव्हतं.

हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दिवसा आळीत सगळेच हातवारे करत आणि संध्याकाळी तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून अंदाज घेई. त्याची बायको कुसाबाई गेली चार वर्षं त्याला काही सांगे आणि त्याच्याकडून उत्तर येत नसे. पण आधीची छत्तीस वर्षंही साधारण असंच चाललं होतं, त्यामुळे तिला फरक जाणवला नाही. अडचण फक्त सटाण्याच्या हारुनशेठची होती. त्याची दाढी मिशांसकट इतकी भरघोस होती की ओठ दिसतच नसत. पुंजा त्याच्या प्रत्येक वाक्याला “होय शेठ, पारखून घेतलाय माल” असं उत्तर देई आणि बहुतेक वेळा ते जुळून जाई.

घागरींचं म्हणाल, तर कान गेले तेव्हा पुंजा आठ दिवस घाबरून होता. नंतर त्याच्या ध्यानात आलं की घागर बोटांतही वाजते. चांगली घागर बोटांतून मुंग्यांची रांग चालावी तशी कोपरापर्यंत चालत राहते. फट असलेली मनगटापाशीच थांबते. महिनाभरात तो कानांइतकाच बोटांवर विसंबू लागला, आणि पुढे त्याला वाटायला लागलं की आधीही आपण बोटांनीच ऐकत असू, कान नुसते हजर असत.

त्याचं बिंग फोडलं ते सुनेने. कलाबाई चांदवडची, तांबटाचीच लेक, पण रीतीने वागणारी. सासऱ्याशी बोलायचं तर तोंडावर पदर धरूनच. दोन वर्षं ती त्या पदराआडून “मामंजी, पान वाढलंय” म्हणे आणि दोन वर्षं मामंजी ढिम्म बसून राहत. नवऱ्याने हाक मारली की मात्र लगेच उठत. आपल्या माहेरच्यांनी लग्नात काहीतरी कमी केलं असावं आणि म्हातारा ते विसरलेला नाही, असं तिने धरून ठेवलं होतं. एकदा थंडीच्या दिवसांत दुपारी, आळी जेवायला बसली असताना, तिच्या हातून सहा कळश्यांची चळत पुंजाच्या पाठीमागे हातभरावर कोसळली. समोरच्या माडीवरची दोन माणसं बाहेर आली. पुंजा चुना घोटत राहिला. कलाबाईला पहिल्यांदा बरं वाटलं, कारण माहेरची चूक नव्हती. मग तिने ते वाल्मीकला सांगितलं.

वाल्मीक चांगला मुलगा होता आणि पुढचं सगळं त्याच्या चांगुलपणातूनच झालं.

त्याचा हिशेब असा. बाबांना ऐकू येत नाही. घागर ऐकून पारखायची असते. म्हणजे बाबांची पारख बंद पडली आहे. मग चार वर्षं घागरी परत का येत नाहीत, हा प्रश्न त्याला पडला नाही, कलाबाईला पडला नाही आणि आळीत ज्या दोघांना त्याने विश्वासाने सांगितलं त्यांनाही पडला नाही. बाबांना मात्र हे सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. त्याच्या डोळ्यांसमोर बुधा तांबट होता. शेजारच्या बुधाला त्याच्या मुलांनी एक दिवस “आता तुम्ही आराम करा” म्हणून सांगितलं होतं आणि देवळालीच्या साहेबाच्या लिलावातून एक आरामखुर्चीही आणून दिली होती. बुधा त्या खुर्चीत अडीच महिने बसला आणि गेला. डॉक्टरने हृदयाचं कारण दिलं. आळीने खुर्चीचं दिलं. नंतर ती खुर्ची आळीत कोणी फुकटही घेईना.

तेव्हा वाल्मीकने अशी व्यवस्था केली. घागर तयार झाली की मागच्या अंगणात ती पाण्याने भरून कोरड्या राखेवर अर्धा तास ठेवायची. राख ओली झाली तर घागर परत. कोरडी राहिली तर पुसून पुढे बाबांकडे. त्यांनी टोला मारावा, बोटं उठवावीत, आनंदात राहावं. पण सगळ्याच घागरी चांगल्या निघाल्या तर म्हाताऱ्याला संशय येईल, म्हणून एक वाईट घागर मुद्दाम बाजूला ठेवली. तिचा सांधा आंधळ्यालाही दिसेल इतका वाकडा होता. दर मंगळवारी ती चांगल्यांत मिसळून पुढे जाई. पुंजा ती बाद करी. वाल्मीक मान डोलावून दोन बोटं उंच करी, म्हणजे वाहवा. मग घागर धान्याच्या कणगीमागे जाई ती पुढच्या मंगळवारपर्यंत.

पुंजाने पहिल्या मंगळवारी ती प्रामाणिकपणे बाद केली. दुसऱ्या मंगळवारी त्याला वाटलं की हल्ली सांधे एकाच तऱ्हेने वाकडे येताहेत. तिसऱ्या मंगळवारी त्याने घागर उलटी केली. बुडाच्या कडेला पुसायची राहिलेली राख होती. शेजारच्या घागरीलाही होती. तिच्या शेजारचीलाही.

राखेवर घागर बघणं म्हणजे काय, हे आळीत कोणाला सांगावं लागत नसे. ज्या कारखान्यात पारखणारा माणूस उरला नाही तिथे ते करत. पुंजाने तिन्ही घागरी खाली ठेवल्या, वाकडी बाद केली, बाकीच्यांवर बोटं उठवली. वाल्मीकने दोन बोटं उंच केली. आजवर मुलाची ती वाहवा त्याला आवडत असे. त्या दिवशी ती भाकरी संपवल्याबद्दल पोराच्या पाठीवर थोपटावं तशी वाटली.

बोलायची सोय नव्हती. बोलायचं तर आधी बहिरेपण कबूल करावं लागणार होतं आणि ते केलं की चुन्याची वाटी उचलून ठेवायला वाल्मीकला निमित्त मिळणार होतं. म्हणून बाप गप्प बसला, बापाला वाईट वाटू नये म्हणून मुलगा गप्प बसला आणि घरात फार शांतता नांदली. कुसाबाई शेजारणीला म्हणाली की आमच्याकडे हल्ली बापलेकांत एका शब्दाचा वाद नाही.

पण हाताचं काहीतरी बिघडलं. दिवसाला दहा घागरी बोटांवर चढत, सगळ्या राखेने पास केलेल्या, आणि पुंजाची बोटं हळूहळू लक्ष देईनाशी झाली. एखाद्या घागरीला मनगटापाशी मुंग्या अडखळल्यासारख्या वाटत. पूर्वी त्याने ती तत्क्षणी बाजूला सारली असती. आता त्याला वाटे, पोरांनी राखेवर पाहिली आहे, आपलीच नस दुखत असेल. तो बोटं उठवी. असं पाचसहादा झाल्यावर अडखळणं कुठलं आणि नस कुठली हे कळेना. चार महिन्यांत गोष्ट अशा थराला आली की आपल्याला कधी काही कळत होतं की नाही याचीच त्याला शंका येऊ लागली. कदाचित घागरी आधीपासूनच चांगल्या येत असतील. कदाचित चार वर्षं आपण नुसतेच मोगरी हलवत बसलो असू. आंघोळ दुपारवर जायला लागली.

एके सकाळी तो उठून भद्रकालीच्या कोपऱ्यावर लियाकत कल्हईवाल्याकडे गेला. लियाकत पन्नाशीचा, तोंडाने फटकळ, पण बोलताना ओठ ठळक हलवणारा, त्यामुळे पुंजाला त्याची सोबत सोपी जाई. त्याच्याकडे लोक कल्हईला आणि गळक्या भांड्यांना डाक द्यायला येत. पुंजाने त्याला सांगितलं की तुझ्याकडची भांडी मला एकेक दे, चांगली आणि गळकी मिसळून, मी डोळे बांधून सांगतो. का, ते सांगितलं नाही.

लियाकतने भाता थांबवला.

“तुमाला ऐकू येत नाय ना, बाबा?”

पुंजाने विचारलं, तुला कोणी सांगितलं.

“सांगायला कशाला पायजे? गेल्या रमजानात दहीपुलावर मी तुमाला चार हाका मारल्या. पाचवीला शिवी दिली. तुमी वळले, हसून रामराम केला.”

“शिवी कोणती?”

“आता ध्यानात नाय. पण रामराम करण्यासारखी नव्हती.”

पुंजाने उपरणं डोळ्यांवर बांधलं. लियाकतने चौदा भांडी लावली आणि भिंतीवर कोळशाने रेघा मारायला घेतल्या. पहिली दोन्ही भांडी पुंजा चुकला. तिसऱ्याला त्याने हात झटकला, बोटं धोतराला पुसली आणि पुन्हा लटकवलं. तिथून पुढे तो चुकला तो एकदाच. एका कळशीला गळकी म्हणाला, तर लियाकतने खांद्याला हात लावून उपरणं सोडायला लावलं आणि तोंडासमोर येऊन सांगितलं की ही मी काल स्वतः डाक देऊन नीट केली आहे, गिऱ्हाईक न्यायला येतच असेल. पुंजा म्हणाला, भरून ठेव. लियाकतने त्याला दाखवण्यासाठी भरून ठेवली. दोघांनी चहा पिऊन होईपर्यंत कळशीखाली रुपयाएवढं ओलं झालं होतं.

लियाकतने भिंतीवरची रेघ पुसून दुसऱ्या बाजूला मारली आणि जरा रागातच म्हणाला, “चौदात बारा. हात ठीक हाये तुमचा. आता जावा, माझा धंदा बसवू नका.”

पुंजा घरी आला, आंघोळ केली आणि चुना भिजवला.

ते दिवस आखाजीच्या आधीचे होते. सटाण्याकडे अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात, आणि तिच्या मागेपुढे लग्नं असतात. हारुनशेठने चाळीस घागरी सांगितल्या होत्या आणि शुक्रवारी सकाळच्या मोटारीवर त्या चढायच्या होत्या. लग्नसराईची घाई म्हणून थंडीपासूनच झाळायला गोटीराम नावाचा गडी लावला होता. गोटीरामचा हात सैल. झाळ धरावी म्हणून टाकतात तो टाकणखार भरपूर टाकी. टाकणखार वितळला की काचेसारखा होतो आणि बारीक फटीत जाऊन बसतो. अशी घागर अर्धा तास काय, रात्रभर राखेवर ठेवली तरी गळत नाही. पाच-सात दिवस पाणी भरलं की तो खार विरघळतो आणि मग घागर गळते, तोवर ती दुसऱ्याच्या घरात गेलेली असते. हे पुंजाला ठाऊक होतं, राखेला नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत पुंजाने चाळीसपैकी सात घागरी बाद केल्या. वाल्मीक चक्रावला. राखेवर सगळ्या कोरड्या निघाल्या होत्या. सात नव्या घागरी एका रात्रीत होत नाहीत. म्हाताऱ्याचं बहुधा आता हातावरचंही भान सुटलं, असं त्याने कलाबाईला सांगितलं, आणि पहाटे बाप उठायच्या आत चुन्याच्या वाटीत बोटं बुडवून सातही घागरींच्या गळ्यांवर तीन तीन रेघा ओढल्या. कोणाला फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. घागरी चांगल्या आहेत अशी त्याची खात्री होती.

सकाळी हातगाडी आळीच्या तोंडाशी लागली. हारुनशेठ एकेक घागर घेई, गळा फिरवून बघे आणि गाडीवर ठेवी. पुंजा ओट्यावरून बघत होता. तेहतीस झाल्या तरी शेठचा हात थांबेना. चौतिसावी घागर फिरली तेव्हा उन्हात तिच्या गळ्यावरच्या तीन रेघा स्पष्ट दिसल्या. तिन्ही सारख्या लांब होत्या.

पुंजा ओट्यावरून उतरला. घाई केली नाही, कारण गुडघे करू देत नव्हते. त्याने ती घागर शेठच्या हातातून घेतली आणि धोतराच्या सोग्याने गळा पुसला. मग उरलेल्या सहा ओळीने घेतल्या आणि पुसल्या. वाल्मीक गाडीपलीकडून छातीवर मूठ आपटत होता. गिऱ्हाईक समोर आहे, एवढंच त्याला सुचत होतं.

“ही माझी बोटं नाहीत,” पुंजा म्हणाला.

हारुनशेठ दाढीआडून बराच वेळ काहीतरी बोलला. पुंजाने त्या दाढीकडे पाहिलं. होय शेठ, पारखून घेतलाय माल, हे उत्तर तोंडाशी तयार होतं.

“शेठ, तुम्ही काय म्हणता ते मला कळत नाही. मला ऐकू येत नाही. चार वर्षं झाली.”

आजूबाजूच्या तीन ओट्यांवरचे ठोके थांबले. हे पुंजाला अर्थातच कळलं नाही. हारुनशेठने वाल्मीककडे बघून विचारलं की मग हा बोटं उठवतो ती कशाच्या आधारावर. दारात कलाबाई उभी होती. ती पायऱ्या उतरून सासऱ्यासमोर आली, परक्या माणसादेखत तोंडावरचा पदर खाली घेतला आणि सावकाश म्हणाली, “मामंजी, शेठ म्हणतात, दोन-चार महिन्यांत नऊ घागरी परत आल्या. त्याआधी तीन वर्षांत एक आली होती. त्याचंच विचारायला आलेत.”

पुंजाने सुनेचे ओठ पहिल्यांदाच पाहिले होते, तरी त्याला शब्द न् शब्द कळला.

“त्या नऊ माझ्याच,” तो म्हणाला. “हाताला शंका आली होती. म्हटलं, पोरांनी राखेवर पाहिलंय.”

वाल्मीकने खाली बघितलं. म्हणजे बाबांना राखेचं ठाऊक होतं. केव्हापासून, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही, आणि कणगीमागच्या घागरीचा विषय तर कोणीच काढला नाही.

पुंजाने हारुनशेठचा डावा हात धरला, त्याच्या दोन बोटांवर एक चांगली घागर लटकवली आणि मोगरी मारली. मग पुसलेल्यांपैकी एक लटकवली आणि मारली. शेठने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारून घेतली. त्याला काही कळलं की नाही ते त्याच्या दाढीमुळे सांगता येत नाही. पण त्याने तेहतीस घागरी गाडीवर बांधल्या, सात ओट्यावर ठेवल्या आणि पुंजाच्या खांद्याला हात लावून मोटार गाठायला निघून गेला.

त्या सात घागरी वाल्मीकने पाणी भरून मागच्या अंगणात मांडल्या. सहाव्या दिवसापर्यंत चार गळल्या. तीन गळल्या नाहीत. पुंजाचं म्हणणं होतं की त्याही गळतील, त्यांना वेळ द्या. त्यांतली एक कुसाबाईने न्हाणीघरात नेली.

शिकायला म्हणून नाही, नुसती बसून बघते, असं सांगून कलाबाई दुपारची कामं आटोपून ओट्यावर येऊ लागली. पुंजा तिच्या बोटांवर घागर लटकवी, टोला मारी आणि तिच्याकडे बघे. ती मान हलवी, म्हणजे काही कळलं नाही. तो दुसरी लटकवी. महिनाभर ती नुसती मान हलवत होती आणि पुंजाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

घागरी आता राखेआधी पुंजाकडे येऊ लागल्या. पहिल्या दोन दिवसांत आल्या त्यांतल्या अकरा त्याने बाद केल्या. वाल्मीकला वाटलं की त्यांतल्या निदान चार तरी बाबांनी सूड म्हणून बाद केल्या असाव्यात. त्याने राखेच्या ढिगाकडे एकदा पाहिलं. मग गोटीरामला हाक मारली आणि अकराच्या अकरा परत झाळायला दिल्या.